एक पाच चार दोन

आठही प्लग काढून मी नमद्याच्या तुकड्यावर मांडले,
डावे चार इकडे, उजवे चार तिकडे,
इंजिनात बसतात तसेच.
बाहेर कोचकोरमध्ये उणे एकोणीस,
गॅरेजात फारसं वेगळं नाही,
पण तुर्सुनालीने फुटक्या बादलीत कोळसा पेटवलाय
आणि चहा आहे.

"वाच," तो म्हणाला.

बापाला हे वाचता यायचं.
शाळेची वर्षं त्याची मेंढ्यांमागे गेली,
पण प्लगचं टोक डोळ्यांजवळ धरलं की
मागच्या हजार किलोमीटरांचं सगळं सांगायचा:
हा दुधाच्या चहाच्या रंगाचा, ह्याचं बरं चाललंय.
हा काजळलेला, ह्याला घाटात हवा पुरली नाही.
हा पांढरा पडलाय, ह्याने फार सोसलंय.
हा ओला. ह्याच्याबद्दल नंतर बोलू.

मी वाचलं: पाच काळे, दोन बरे,
आणि सहावा पेट्रोलने ओला.

गेल्या आठवड्यात बिश्केकच्या बाजारात यूसुपने
डबीतून इरिडियमचा काढून दाखवला,
टोक सुईसारखं. "लाख किलोमीटर, बहिणी, विसरून जा."
आठ प्लगांत एक मेंढी जाते.
माझी झिल अठ्ठ्याहत्तर सालची,
दाराला कडी म्हणून लगामाचा तुकडा.
नाकापेक्षा मोती जड, म्हटलं,
आणि साधे मागितले.
पण साध्यातही अकरा, चौदा की सतरा?
आकडा लहान तो प्लग गरम,
आच धरून बसतो, आपली काजळी आपणच जाळतो.
आकडा मोठा तो थंड,
आली आच की देऊन मोकळा.
दोलोनवर हवा पातळ, तिथे गरमच बरा.
पण सहा टन कोळसा पाठीवर असला
की गरम प्लग चढावर लालबुंद होतो
आणि ठिणगीची वाट न पाहता आग लावतो.
बाप तसाच होता.
मी अकराच घेतले.

आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुसरी वस्तू:
पॉइंट नसलेला डिस्ट्रिब्यूटर.
घासणारं काही नाही, झिजणारं काही नाही,
आत एक लोहचुंबक, बाहेर एक मुका डबा.
ठिणगी जाड, म्हणून फट रुंद ठेवायची,
पूर्ण एक मिलिमीटर.
तुर्सुनालीने तो डबा कानाशी हलवून पाहिला.
"हा मेला तर घाटात काय करशील?
पॉइंट काळे पडले की काड्यापेटीच्या कडेवर घासून
तुझा बाप घरी पोचायचा."
खरं होतं. आमच्या घरात एकाही काड्यापेटीची
कड शाबूत नसायची.
चूल पेटवताना आई त्याच्या नावाने बोटं मोडायची.

तरी बसवला.
नवे प्लग, नवा डिस्ट्रिब्यूटर, वायरी जुन्याच,
कारण पैसे तिथे संपले.
इंजिन सुरू झालं
आणि सात पायांवर लंगडत राहिलं.

सहावा.
बाप दर हिवाळ्यात सहावा बदलायचा,
दरवर्षी नव्या प्लगला त्याच जुन्या शिव्या.

तुर्सुनालीने बल्ब मालवला, बादलीवर पत्रा झाकला.
काळोखात इंजिन एकटंच बडबडत होतं,
आणि सहाव्या वायरीच्या पोटाशी,
जिथे ती ब्लॉकला टेकते,
एक निळा किडा उड्या मारत होता.
टक्. टक्. टक्.
ठिणगी निघत होती. पोचत नव्हती.

आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.
मग मी नमद्यावरचा तो ओला प्लग उचलला
आणि उगाचच बाहीने पुसला.

वायर तुर्सुनालीने स्वतःच्या मॉस्कविचमधून काढून दिली,
दोन गोण्या कोळशाच्या बोलीवर.
जुने पॉइंट आता सीटखाली आहेत,
शेजारी एक कोरी काड्यापेटी.

एक पाच चार दोन सहा तीन सात आठ.
मला झोपवताना बाप हेच म्हणायचा,
अंगाई त्याला येत नव्हती.
सहावर नेहमी जरा अडखळायचा.
मला वाटायचं,
मोजणीच तशी आहे.